थोरल्या डोंगरावरचं अक्काजींचं नाव

अंजनगाव सुर्जी
कोजागिरीचा दुसरा दिवस, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्काजी,

धाकट्या भावजयीचा, जाईबाईचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे लिहिण्यापुरतंच. खरंच वाकली तर आज उठायले दोन माणसं लागतील. काहून ते पुढे येते.) भाऊजींलेही नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्या हाती देऊ नका, अन् तुमच्या नातवाच्या, अनुपच्या हाती तर मुळीच नका देऊ. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत पडली आहे. तुमाले एकटीले सांगितलेली गोष्ट सारं घर ऐकते, पोळ्यावाली ऐकते, अन् मग पोळ्यावालीच मले विचारते की आजी, मग पुढे काय झालं? म्हणून कागद घेतला. लाल पेन मात्र बाजूले ठेवा. मले माहीत आहे, पत्र आलं की तुमचा हात आधी चष्म्याकडे जाते अन् मग लाल पेनाकडे. मागं मी बारशाचं पत्र पाठवलं होतं, त्याच्यात एकवीस चुका काढून, खाली सही करून तुमी ते मलेच परत पाठवलं. बाळाचं नाव आवडलं का नाही, ते काही लिहिलं नव्हतं.

तुमची शुगर कशी आहे? दाढ काढली का ठेवली? भाऊजी कानाचं मशीन कानात घालून राहिले का अजून खिशातच ठेवून राहिले? इकडे सारे बरे आहेत. तुमच्या भावाचा खोकला गेला, पण खोकल्यासाठी आणलेला गूळ संपेपर्यंत तो गेला असं त्यांनी कबूल केलं नाही. सोयाबीन निघालं. कपाशीले बोंडं बरी आहेत. शेजारची पंचफुला तुमची आठवण काढते. (ती सगळ्यांचीच काढते, दीड-दीड तास काढते.) माझी तब्येत विचाराल तर पोटऱ्या अशा धरल्या आहेत की जिना मी उलटी उतरून राहिली, तोंड भिंतीकडे करून, जशी विहिरीत उतरते. पण मन असं खुश आहे की सून म्हणते, आई, तुमी एकट्याच हसता, पाहुण्यांसमोर तरी नका हसू. आता कारण सांगते. बसून वाचा.

मी थोरल्यावर गेली होती.

हो, तोच थोरला. आपल्या वावरातून उत्तरेले डोंगराची जी निळी रांग दिसते, तिच्यातला सगळ्यात उंच, ज्याले तुमच्या माहेरी सारे थोरला म्हणतात. (नकाशात त्याचं वेगळं नाव आहे. माझ्या नातीनं, रागिणीनं सांगितलं होतं, मी विसरली. उंचीचा आकडाही सांगितला होता, तो चढताना पाठ होता अन् उतरताना कमी कमी होत गेला.) पन्नास वर्षं झाली, कापूस वेचता वेचता कंबर सरळ करायले उभी राहिली की समोर तो उभा. पाऊस यायचा असला की डोक्याले ढगाचं फडकं बांधते. कधी कधी पाऊस नसला तरी बांधते, जसे तुमचे भाऊ निंदणाच्या दिवशी डोकं दुखते म्हणून बांधतात. एवढ्या वर्षांची तोंडओळख, पण त्याच्या घरी मी कधी गेली नव्हती.

अन् थोरला म्हटला की तुमची गोष्ट आलीच. बहात्तर साली, लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, तुमी अन् भाऊजी पायी थोरल्यावर गेले. शेंड्यावर वारा असा की डोक्यावर पदर राहीना. खाली पाहिलं तर सारं अंजनगाव चिमटीत मावन एवढं. अन् तिथल्या सगळ्यात वरच्या दगडावर तुमी केसातला आकडा काढून स्वतःचं नाव कोरलं, आशा, अन् खाली साल. आपल्या घराण्यात ही गोष्ट ज्यानं ऐकली नाही असं एक फक्त गोठ्यातलं नवं वासरू आहे. भाऊजींले तर ती इतकी पाठ की तुमी शेंड्यावर पोचल्या की ते उठून पाणी प्यायले जातात. मी आपली समजत होती, चढ ऐकून तहान लागत असन.

आता दिवाळीनंतर तुमची पंच्याहत्तरी. अनुपनं दहा फुटाचा बॅनर ठरवला आहे, हे तुमाले माहीत असनच. हॉलच्या दारावर लावणार. त्याच्यावर त्या दगडावरच्या नावाचा फोटो अन् खाली मोठ्या अक्षरात, ‘शिखरावर नाव कोरणारी आमची आजी’. तीनशे पाहुणे त्याच्याखालून जेवायले जाणार. त्यानं मले फोन केला, म्हणे अंजनगावची आजी, तुमची रागिणी कॉलेजच्या पोरांसोबत थोरल्यावर जाऊन राहिली, तिले सांगा, आजीच्या नावाचा फोटो काढून आण. मी म्हटलं, रागिणीले काय समजते अक्काजींचं अक्षर? मी या घरात आली तेव्हा दुसरीतून शाळा सुटलेली. तुमी सुटीत माहेरी आल्या की मले चुलीपुढे बसवून, राख पसरून, तिच्यात काडीनं अक्षरं काढायले लावत. भाकर जळली तरी उठू देत नव्हत्या. (जळलेली भाकर मग सासूबाई मलेच वाढत, तुमाले नाही.) तुमचा ‘आ’ मी अंधारात हात फिरवून ओळखीन. म्हणून अनुपले सांगितलं, फोटो पाहिजे ना तुले? मीच जाते.

तुमचे भाऊ तीन दिवस बोलले नाहीत. तसे ते एरवीही तीन दिवसांत फारसं बोलत नाहीत, म्हणून ते रागावले होते हे मले चौथ्या दिवशी समजलं. मग म्हणाले, अडुसष्ट वर्षांची बाई पोट्ट्यांसंगं डोंगरावर जाते, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक म्हणतील बाई अठ्ठावन्नची दिसते. कारण रागिणीनं फॉर्मवर तेच लिहिलं होतं. साठच्या वरच्यांले नेत नाहीत म्हणे. म्हणून पोरीनं माझी दहा वर्षं कमी केली, एका पेनाच्या फटक्यात. एवढा गुण तर अमरावतीच्या डॉक्टरच्या गोळ्यांनीही आला नव्हता.

रविवारी पहाटे तुमच्या भावानं मले मोटरसायकलवर परतवाड्याले सोडलं. गाडी वळवताना माझ्या पिशवीत आपली मफलर टाकून गेले. अमरावतीहून रागिणीच्या कॉलेजची मिनीबस आली. त्यात अठरा पोट्टे-पोट्ट्या अन् मी. माझा अवतार असा, की हिरवं लुगडं, पायात रागिणीचे जुने बूट, बूट सैल म्हणून आत दोन मोजे, अन् हातात जेवणाचा डबा. पोरांनी पहिले मले कोणाच्या तरी मॅडम समजून गुड मॉर्निंग केलं. मीही केलं. तेवढं येते मले, तुमचीच कृपा.

वर घाट चढून गेल्यावर जिथं गाडीचा रस्ता संपते तिथं आमची वाटाडी उभी होती. मोनाली भिलावेकर. कोरकू पोरगी, त्याच डोंगरातल्या गावची, असन पंचवीस-सव्वीसची. झाडाझुडपांचं शिक्षण घेतलं अन् आता लोकांले डोंगर दाखवते. मी सवयीनं विचारलं, कोणाची व माय तू, कोणतं गाव? बोलता बोलता निघालं की तिची आजी दिवाळीच्या आधी कापूस वेचायले आपल्याच शिवारात उतरत होती. म्हणजे पाहा, ती बाई डोंगरावरून आमची कपाशी पाहून राहिली होती अन् मी कपाशीतून तिचा डोंगर. झाली का नाही सोयरीक? मोनालीनं त्या घडीपासून मले आजीच म्हटलं, पण सोयरीक निघाली म्हणून नियम काही सोडला नाही. नियम असे, की वाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिटी. एकदा वाजवली म्हणजे थांबा, तीनदा वाजवली म्हणजे धावा, माणूस संकटात आहे. मी आपली शिटी चालते का नाही पाहावं म्हणून वाजवली. पहिल्यांदा नीट वाजली नाही, म्हणून पुन्हा वाजवली, अन् मग चांगली वाजली म्हणून पुन्हा एकदा. अठरा पोरं अन् मोनाली अशी धावत आली की मले खरंच संकटात पडल्यासारखं झालं. त्याच्यानंतर माझ्या गळ्यातली शिटी रागिणीच्या गळ्यात गेली.

मग मोनाली म्हणाली, आता दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. अक्काजी, दहा मिनिटं! तुमच्या भावाशी भांडण झालं तेव्हाही मी एवढी गप्प बसली नाही. पहिल्या दोन मिनिटांत मले तेरा गोष्टी आठवल्या, सगळ्या सांगायलेच पाहिजे अशा. पण मग खरंच ऐकू यायले लागलं. दगडाच्या खालून कुठंतरी पाणी जाऊन राहिलं होतं, दिसत नव्हतं पण होतं. ढग झाडातून जाते तेव्हा पानांवर टपटप होते, पाऊस नसतानाही. अन् एक पाखरू असं बोलत होतं जसं कोणी नवं बिजागर उघडझाप करून पाहते. मले वाटलं, हे सारं पन्नास वर्षं चालू होतं अन् मी खाली बोलूनच राहिली होती.

जसजसं वर गेलो तसतशी झाडं बुटकी होत गेली. मोनाली म्हणे, वर वारा झोडपते, माती थोडी, थंडी जास्त, म्हणून इथं जे उगवते ते जमिनीले धरून राहते. (मी चार फूट दहा इंच. मले तो कायदा फार आवडला.) तिथली फुलं खाली आपल्या गावात पाहायलेही मिळत नाहीत. एक पांढरं फूल होतं, एका काडीवर दहा-बारा, जशी बगळ्याची पिल्लं रांगेत बसली. एक निळं, टाचणीच्या डोक्याएवढं, ते पाहायले सारे पालथे पडले. मी पालथी पडली नाही, पुन्हा कोणी उठवावं? अन् एक लाल इवलंसं रोप, पानावर दव चमकून राहिलं. मी हात लावणार तोच मोनाली म्हणाली, आजी, ते दव नाही, चिकट आहे, माशी बसली की धरते अन् हळूहळू खाऊन टाकते. मी पदर आवरून मागं सरली. अक्काजी, इतकं गोड दिसणारं, या बसा म्हणणारं, अन् एकदा बसलं की सोडणारं नाही, असं मी एकच पाहिलं होतं, पंचफुलाचा ओटा. मी मोनालीले विचारलं, यातलं एखादं खाली नेऊन लावलं तर? ती म्हणे, मरून जाईन, त्याले खालची उष्णता सोसत नाही. मी म्हटलं, आमच्या अक्काजी तर अकोल्याच्या मे महिन्यात पन्नास वर्षं टिकल्या. ती म्हणाली, त्या वेगळ्या जातीच्या असतील. मी म्हटलं, ते तर आहेच.

अर्ध्या वाटेवर एक मोठा सपाट दगड आहे. त्याले बैठकीचा दगड म्हणतात. चढणाऱ्याचा दम तिथं तुटते, म्हणून जो तो तिथं बसते, पाणी पिते, मग ज्याची हिंमत आहे तो वर जाते अन् ज्याची नाही तो तिथंच बसून बाकीच्यांची वाट पाहते. आमीही बसलो. भुलाबाईचे दिवस, अन् भुलाबाईत खाऊ ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत, म्हणून मी तो आधी वाजवून दाखवला अन् म्हटलं, ओळखा खाऊ. अठरा शिकलेली पोरं, पण एकाले धपाटे ओळखता आले नाहीत! एक म्हणे सँडविच, एक म्हणे बिस्किट. त्यातला एकजण डब्याले कान लावून म्हणाला, आजी, आवाजच येत नाही. मी म्हटलं, बाळा, आवाज येत नाही तोच तर धपाटा. जवसाच्या चटणीसंगं दहा मिनिटांत डबा असा साफ झाला की धुवायचं काम राहिलं नाही.

खाऊन झाल्यावर मी दगड पाहत बसली. पाहते तर त्याच्यावर दगडफूल! तेच जे आपण मसाल्यात टाकतो. आयुष्यभर बाजारातून आणलं, पण हे कुठं उगवते ते मले ठाऊक नव्हतं. मी आपली नखानं खरवडायले लागली, म्हटलं दिवाळीच्या मसाल्यापुरतं होईन. मोनाली ओरडली, आजी! मी हातातलं दगडफूल परत जिथल्या तिथं ठेवून, थुंकी लावून, दाबून धरलं. पण ते काही चिकटलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. मसाल्यातलं दगडफूल तरी बरं वाढते, पण त्याचाच एक चुलतभाऊ आहे, करड्या रंगासारखा दगडाले चिकटलेला, तो वर्षाले राईच्या दाण्याएवढाही पसरत नाही. एकदा खरवडला की माणसाचं आयुष्य जाते पण ती जागा भरत नाही. म्हणे हे पाहा ना, इथं कोणी तरी कोरून ठेवलं आहे, किती वर्षं झाली, पण अजून भरलं नाही.

मी पाहिलं. तुमचा ‘आ’.

अक्काजी, मी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तोच ‘आ’, जो तुमी मले राखेत शंभर वेळा काढायले लावला. त्याच्यापुढं तुमचा ‘शा’, गाठ मारलेला. खाली १९७२. भोवती सारं करडं अन् अक्षरं तेवढी काळी, जशी काल कोरली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग माझ्या ध्यानात आलं की आपण तर अजून अर्ध्याच डोंगरावर बसून राहिलो.

मी मोनालीले विचारलं, माय, पूर्वी शेंडा इथंच होता का? ती म्हणे, नाही आजी, शेंडा अजून सव्वा तास. मी म्हटलं, पन्नास वर्षांत हा दगड वरून घरंगळत खाली आला असन का? ती म्हणे, आजी, हा दगड म्हणजे डोंगरच आहे, याची मुळं खाली आहेत. मी बापडी दोन बाजूंनी तुमाले वाचवून पाहिलं, नाही जमलं. अन् मोनालीले तर त्या अक्षरांचा असा राग! म्हणे अशा लोकांले ना, दगडाजवळ अंगठे धरून उभं केलं पाहिजे, कोण असन ही आशा? मी काय सांगणार? जिनं शाळेच्या भिंतीवर एक रेघ ओढली म्हणून सबंध चौथीचा वर्ग अंगठे धरून उभा केला होता, ती आमची हेडमास्तरीण? मी म्हटलं, असन कोणी अडाणी बाई. माफ करा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मले तुमाले अडाणी म्हणायची पाळी आली, अन् खोटं कशाले बोलू, बरं वाटलं.

घाबरू नका. फोटो मी असा काढवला की दगडाशिवाय काही दिसत नाही. रागिणी म्हणत होती, आजी, मागचा डोंगरही घेते, छान येईन. मी म्हटलं, मागचा डोंगर आपल्या डोक्यावर दिसून राहिला, तोच तर नाही पाहिजे. तिनं माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, वर शेंड्याकडे पाहिलं, अन् जवळून फोटो काढला. पोरगी आपल्या घराण्याची आहे.

तिथून पुढे मग शेंडा. काय सांगू अक्काजी! वारा असा की डोक्यावर पदर राहीना. पिवळी फुलं अशी पसरलेली, जसं कोणाच्या लग्नात हळदीचं ताट उलटलं. ढग पायाखालून चाललेले. अन् मधेच ढग फाटला तर खाली सारं अंजनगाव, चिमटीत मावन एवढं. आपलं वावर म्हणजे रुमालाची घडी. मी वरून हाक मारली असती तर तुमच्या भावाले ऐकू गेली असती. (त्यांनी ओ दिली नसती, ते वेगळं.) मन भरून पाहिलं अन् उतरलो. परतवाड्याले तुमचे भाऊ उभे होते. मी उतरल्याबरोबर म्हणाले, मफलर कुठं आहे? बस, एवढंच. पण घरी आल्यावर पाणी त्यांनीच तापवून दिलं अन् पाय शेकायले मीठही टाकलं. मीठ जरा जास्त टाकलं.

फोटो अनुपले पाठवला आहे. तो भारी खुश. म्हणजे बॅनर होते. तुमचं नाव अकोल्यात दहा फूट उंच लागते. तुमी निश्चिंत राहा, दाढेले जपा, भाऊजींले मशीन लावायले सांगा. पोरांले पोटभर आशीर्वाद. चुकलं असन तर पोटात घाला, पत्रावर लिहू नका.

तुमची,
जाईबाई

ता. क. — अनुपनं फोनवर विचारलं, आजी, नाव शेंड्याच्या कोणत्या बाजूले आहे? मी घाईत उगवतीकडे सांगून टाकलं. तुमालेही कोणी विचारलं तर उगवतीकडेच सांगा. भाऊजींले काही सांगू नका, त्यांले फक्त तांब्या भरून द्या.

ता. क. २ — पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तुमी मले शिकवलं, तुमाले फसवून झोप येणार नाही. मी शेंड्यावर गेली नाही. पोरं गेली, मोनाली गेली, रागिणी गेली, मी तुमच्या नावापाशी बसून राहिली. गुडघा दुखत होता ते खरं. मोनाली म्हणत होती हात धरून नेते, तेही खरं, अन् जाता आलं असतं असं मले वाटते. पण उठली अन् मनात आलं, या घरात पन्नास वर्षं झाली, थोरली नणंद खाली पाटावर अन् मी वर खाटेवर असं कधी बसली नाही. मग तुमचं नाव खाली ठेवून मी वर कशी जाऊ? बसली मग तिथंच, तुमच्या नावाले टेकून, तुमच्या भावाची मफलर गळ्यात घालून, अन् पोरं परत येईपर्यंत एकटी हसत होती. वर जो शेंडा लिहिला तो तुमचाच आहे, शब्दाले शब्द. ढग अन् रुमाल तेवढे मी घातले, अन् पिवळी फुलं रागिणीच्या मोबाईलात पाहिली. आता विचार करून राहिली, की तुमीही बैठकीच्या दगडावरच बसल्या होत्या, तर तुमाले ते अंजनगाव चिमटीत कोणी दाखवलं? भाऊजी एकटे वर जाऊन आले होते का? का तेही तिथंच बसले होते, तुमच्या शेजारी? एकदा त्यांले विचाराच. पाणी पिऊन आल्यावर.

ता. क. ३ — खरं काम हे आहे. मोनाली पंच्याहत्तरीच्या आठ दिवस आधी पुन्हा एक जथा नेऊन राहिली. मी दोन नावं देऊन ठेवली, माझं अन् तुमचं. रागिणीनं तुमचं वय एकोणसाठ लिहिलं आहे, विचारलं तर तेच सांगा. गुडघ्याच्या पट्ट्याचे दोन जोड आणले आहेत. हळूहळू जाऊ, बैठकीच्या दगडावर तुमच्या नावाशेजारी बसून धपाटे खाऊ, अन् मग दोघी उठून वर जाऊ. तुमी पुढे, मी मागं. वर पोचून नुसतं उभं राहायचं, कोरायचं काही नाही, आकडा घरीच ठेवून या. मोनालीले मी शब्द दिला आहे की संगं येणारी बाई फार शिस्तीची आहे. तिकडून आलो की बॅनरच्या खालून मान वर करून जेवायले जा. येता का नाही ते लगेच कळवा, फोनवर नको, कागदावर.

अन् या पत्रातल्या चुका काढाच, मले माहीत आहे तुमाले राहवणार नाही. फक्त शेंड्याच्या मजकुराले लाल पेन लावू नका. त्यातली चूक माझी नाही. ती आपण वर जाऊन दुरुस्त करू.